निदानावाचून उपचार

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे तीन शब्दांचे वाक्य आज आपल्या समाजात जितके निर्विवाद मानले जाते, तितके दुसरे क्वचितच मानले जात असेल. बँकेच्या खिडकीशी, रेल्वेच्या आरक्षणगृहात, तहसील कचेरीत किंवा परीक्षा विभागात हे वाक्य उच्चारले गेले की रांगेतील वाद आपोआप मिटतो. बोलणाऱ्याला कोणी जाब विचारीत नाही, व ऐकणारा मुकाट्याने बाकावर जाऊन बसतो. पूर्वी अवर्षण पडले किंवा पटकीची साथ आली म्हणजे लोक ज्या स्वराने ‘दैव’ म्हणत, त्याच स्वराने आज ते ‘सर्व्हर’ म्हणतात. थोड्या वेळाने आतून कोणी तरी येतो, एक बटण दाबतो, यंत्र पुन्हा चालू होते आणि रांग पुढे सरकते. यंत्र का थांबले होते हा प्रश्न मात्र यंत्र चालू होण्याबरोबरच सर्वांच्या मनातून नाहीसा होतो. तीन दिवसांनी ते पुन्हा थांबते, पुन्हा बटण दाबले जाते, आणि याचीच पुढे कारभाराची रीत होऊन बसते.

हा प्रश्न यंत्रज्ञांचा आहे, साहित्याच्या मासिकात त्याचे काय काम, असे पुष्कळांस वाटेल. आम्हांसही काही वर्षांपूर्वी तसेच वाटत असे. परंतु आमच्याच सहीने घडलेल्या एका अन्यायामुळे आमचे मत पालटले. वारंवार उद्भवणाऱ्या दोषाचे कारण न शोधता तो केवळ तात्पुरता दूर करीत राहणे हा निव्वळ आळस नव्हे. त्यात दुसऱ्या कोणावर तरी अन्याय होण्याचे बीज असते, आणि तो दुसरा बहुधा सर्वांत खालच्या पायरीवर उभा असलेला मनुष्य असतो, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम यंत्राची ओळख करून देणे अवश्य आहे. ज्याला टर्मिनल सर्व्हर म्हणतात तो अनेक पडद्यांच्या मागे असलेला एकच संगणक होय. वाचकापुढे जो पडदा व कळफलक असतो त्याला स्वतःची बुद्धी जवळजवळ नसते. वाचक जी अक्षरे दाबतो ती तारेने मध्यवर्ती यंत्राकडे जातात, तेथे त्यांचा विचार होतो, व उत्तर पडद्यावर परत येते. खाणावळीत ताटे चाळीस असली तरी चूल एकच असते, तसाच हा प्रकार. यात खर्च कमी, देखरेख एके ठिकाणी, आणि नवे काही करावयाचे तर ते एकदाच करावे लागते. उलट बाजू अशी की चूल विझली म्हणजे चाळीसही ताटे रिकामी राहतात. रेल्वेचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. दिल्लीस १९८५ साली आरक्षणाचे काम संगणकाने होऊ लागले, व १९९९ साली दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रे एकमेकांस जोडली गेली. तेव्हापासून कोणत्याही खिडकीवरून देशातील कोणत्याही गाडीचे तिकीट काढता येऊ लागले. ही सोय थोर आहे यात शंका नाही. पण सोय जितकी दूरवर पसरते तितकाच दोषही दूरवर पसरतो. आणि तो जेथे दिसतो तेथेच जन्मलेला असतो असा नेम राहत नाही.

आता आमच्या हातून काय घडले ते सांगतो. आमच्या गावाचे सरकारी नाव तेव्हा औरंगाबाद होते; २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर झाले आहे. येथील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात चोवीस पडदे व त्यांच्यामागे एक टर्मिनल सर्व्हर अशी व्यवस्था करण्यात आली. ग्रंथसूची पाहणे, नियतकालिके वाचणे, प्रकल्पाचे लेखन करणे ही सर्व कामे विद्यार्थी व अध्यापक तेथेच करीत. जूनमध्ये महाविद्यालय उघडल्यापासून हे यंत्र आठवड्यातून दोनतीनदा बंद पडू लागले. बंद पडण्याची वेळ बहुधा दुपारची असे. चोवीसही पडदे एकदम थिजत, विद्यार्थी ओरडू लागत, आणि ग्रंथालयाचे शिपाई मामा किल्ली घेऊन काचेच्या कपाटाकडे धावत. बटण दाबले की सात-आठ मिनिटांत सर्व पूर्ववत होई. मामांचे बटण दाबणे ही इतकी सवयीची गोष्ट झाली की पहिले तीन महिने यावर कोणी विचारही केला नाही.

पुढे तक्रारी वाढल्या तेव्हा ग्रंथालय समितीने उपाय आरंभिले. या समितीत आम्हीही होतो. प्रथम विजेचा दाब कमीजास्त होत असावा असे ठरून नव्या बॅटऱ्या बसविल्या. नंतर उष्णतेचा संशय येऊन वातानुकूल यंत्र आणविले. नंतर तारा बदलल्या. त्यानंतर विद्यार्थ्यांच्या पेन ड्राइव्हवर बंदी घातली. प्रत्येक उपायानंतर दोनतीन दिवस बरे जात, समिती आपली पाठ थोपटून घेई, आणि यंत्र पुन्हा बंद पडे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण आम्ही वर्गात अनेकदा समजावून सांगितली होती. तिचे प्रात्यक्षिक आम्हीच करीत आहोत हे मात्र ध्यानात आले नाही.

ऑक्टोबरात कोणा सभासदाने सुचविले की, प्रत्येक वेळी यंत्रापाशी एकच मनुष्य आढळतो; तो कपाट झाडतो, पुसतो, बटण वाटेल तसे दाबतो; दोष त्याच्या हाताचा असावा. सूचना सर्वांस पटली, कारण ती सोपी होती व तिला पैसा लागत नव्हता. मामांना बोलावून विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “सर, मी हात लावतो म्हणून ते बंद पडत नाही, ते बंद पडतं म्हणून मी हात लावतो.” कार्यकारणभावाचे इतके नेमके विधान त्या खोलीत त्या दिवशी दुसऱ्या कोणीही केले नाही. तरीही मामांची बदली वसतिगृहाच्या फाटकावर रात्रपाळीस झाली, आणि त्यांच्या सेवापुस्तकात हलगर्जीपणाचा शेरा पडला. ठरावाखाली आमचीही सही होती.

यानंतर जे घडले ते अधिक बोधप्रद आहे. मामा गेले आणि यंत्र बंद पडण्याचे थांबले. सुमारे तीन आठवडे ते अखंड चालले. समितीला आपल्या न्यायबुद्धीची खात्री पटली. ते तीन आठवडे दिवाळीच्या सुट्टीचे होते, ग्रंथालयात कोणी फिरकतच नव्हते, ही गोष्ट कोणाच्याही मनात आली नाही. महाविद्यालय उघडल्यावर पाचव्या दिवशी यंत्र थांबले, आणि नव्या शिपायाने किल्ली घेऊन कपाटाकडे धाव घेतली.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, तसे हे झाले. आपल्या नैयायिकांनी यालाच काकतालीय न्याय म्हटले, आणि त्यातून सुटण्याचा मार्गही त्यांनीच सांगून ठेवला आहे. कारण असेल तेथे कार्य असावे व कारण नसेल तेथे कार्य नसावे, या अन्वयव्यतिरेकाच्या दुहेरी कसोटीस जे उतरेल तेच कारण. मामा नसताना यंत्र चालले, एवढ्यावर आम्ही निकाल दिला. पण त्या वेळी मामांबरोबर आणखी काय काय नव्हते, हे पाहिले नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व बाकी सर्व जशीच्या तशी ठेवावी, हा दोषशोधनाचा पहिला नियम आहे. त्या वेळी तर वाचनालयातून सर्व वाचकच नाहीसे झाले होते.

जानेवारीत संगणकशास्त्राच्या एका तरुण अध्यापकाने हे काम हाती घेतले. त्याने पहिली अट अशी घातली की, यंत्र थांबले तर त्याला बोलावल्याशिवाय बटण दाबावयाचे नाही. दुसऱ्याच दिवशी यंत्र थांबले. तो येऊन पडद्यापुढे बसला, आणि पंधरा मिनिटे होऊनही काही करीना. बाहेर विद्यार्थ्यांचा गलका चालला होता. आम्ही स्वतः घाईत होतो, व ‘आधी चालू करा, मग काय तो अभ्यास करा’ असे आम्ही त्याला जरा रागानेच म्हटले. तो नम्रपणे म्हणाला, “सर, चालू केलं की जे पाहायचं आहे ते पुसलं जाईल.” त्या क्षणी या उत्तराचे महत्त्व आम्हांस कळले नाही. आज त्याहून महत्त्वाचे वाक्य या विषयावर आम्हांस माहीत नाही.

मग त्याने यापूर्वी बटण कोण दाबीत असे याची चौकशी केली आणि तो वसतिगृहाच्या फाटकावर गेला. मामांनी दुसऱ्या दिवशी घरून भिंतीवरची दिनदर्शिका आणून दिली. गृहिणी दुधाचा हिशेब मांडतात तसा तिच्या चौकटींत मामांनी यंत्र बंद पडण्याच्या प्रत्येक वेळेचा आकडा लिहून ठेवला होता. जूनपासून ऑक्टोबरपर्यंतची एकही खेप सुटलेली नव्हती. समितीने मामांना अनेक प्रश्न विचारले होते, पण ‘काही लिहून ठेवले आहे काय’ हा प्रश्न विचारला नव्हता. त्या आकड्यांवरून दिसून आले की, ज्या दिवशी वाचनालयात गर्दी असे त्या दिवशी यंत्र लवकर बंद पडे. गर्दी नसे त्या दिवशी ते उशिरा थांबे किंवा थांबतच नसे. म्हणजे दोष घड्याळाशी बांधलेला नव्हता, वापराशी बांधलेला होता.

पडद्यावरची यादी पाहिल्यावर उरलेला उलगडा झाला. पडदे चोवीस होते, पण यंत्राच्या समजुतीप्रमाणे त्याच्यापुढे त्या वेळी शंभराहून अधिक माणसे बसलेली होती. आपले काम आटोपल्यावर रीतसर निरोप न घेता लोक नुसता पडदा मालवून निघून जात. यंत्राला वाटे की मनुष्य अजून बसलेला आहे. ते त्याच्यासाठी आपल्या स्मृतीतील जागा राखून ठेवी. अशा राखून ठेवलेल्या जागा साचत जात, आणि शेवटी नव्या माणसासाठी जागाच न उरल्यामुळे यंत्र कोलमडे. बटण दाबले की साचलेले सर्व धुतले जाई, यंत्र ताजेतवाने होई, आणि दोषाचा पुरावाही त्याबरोबर वाहून जाई. त्या यादीत आमचे नाव तीन वेळा होते.

अर्धा तास कोणी हालचाल केली नाही तर त्याची बैठक आपोआप मोडावी, अशी योजना यंत्रात पूर्वीपासूनच होती. ती कोणी चालू केलेली नव्हती. ती चालू करण्यास पाच मिनिटे लागली. मामांना परत ग्रंथालयात आणण्यास चार महिने लागले. शेरा रद्द करण्याचा ठराव झाला खरा. परंतु लिहिलेला शेरा खोडून टाकण्याची पद्धत कार्यालयात नाही, त्याच्याखाली दुसरा शेरा लिहितात. यंत्राची स्मृती एका बटणाने पुसता येते, माणसाच्या सेवापुस्तकाचे तसे नाही.

हा प्रकार आमच्यासारख्या अडाणी मंडळींच्याच हातून होतो असे कोणी समजू नये. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेत एटी अँड टी कंपनीचे लांब पल्ल्याच्या दूरध्वनीचे जाळे सुमारे नऊ तास विस्कटले. या जाळ्यात दूरध्वनी जोडून देणारी ११४ मोठी यंत्रे होती. त्यांतील न्यूयॉर्कच्या एका यंत्रात किरकोळ बिघाड झाला, तेव्हा ठरल्याप्रमाणे ते काही सेकंदांपुरते थांबले, स्वतःच पुन्हा सुरू झाले, आणि आपण परत कामावर आल्याची वर्दी त्याने शेजारच्या यंत्रांस दिली. काही आठवड्यांपूर्वी सर्व यंत्रांत एक नवी आज्ञावली घातली होती व तिच्यात एक चूक राहून गेली होती. तिच्यामुळे शेजारचे यंत्र ती वर्दी नोंदवून घेत असतानाच दुसरा निरोप येऊन थडकला की ते यंत्र कोसळे. मग तेही काही सेकंदांनी सुरू होई आणि आपल्या शेजाऱ्यांस तशीच वर्दी देई. अशा रीतीने बिघाड एका यंत्राकडून दुसऱ्याकडे गेला आणि फिरून पहिल्याकडे आला. दुखणे पसरविणारा निरोप ‘मी आता बरा आहे’ हाच होता, ही यातील विलक्षण गोष्ट होय. जाळ्यात जोडलेले यंत्र आपल्यापुरते बरे झाले म्हणजे जाळे बरे झाले असे होत नाही. किंबहुना त्याचे बरे होणेच इतरांस बाधक होऊ शकते.

येथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. कोणी म्हणेल की, पुन्हा सुरू करणे हा उपाय तुम्ही उगाच बदनाम करीत आहात. ज्ञाते लोकही तोच सांगतात. हे खरे आहे. टँडम या कंपनीतील जिम ग्रे या संशोधकाने १९८५ साली संगणक का थांबतात या विषयावर एक निबंध लिहिला, तो या शास्त्रात प्रमाण मानला जातो. नीट पारखून वापरात आणलेल्या आज्ञावलीत जे दोष शिल्लक राहतात त्यांतील बहुतेक क्षणिक असतात व पुन्हा प्रयत्न केला असता ते प्रकट होत नाहीत, असे त्याचे मत आहे. पाहू गेल्यास जे निसटतात अशा या दोषांचा उल्लेख त्याने हायझेनबर्ग या पदार्थवैज्ञानिकाच्या नावावरून पडलेल्या हायझेनबग या गमतीच्या नावाने केला. पुढे १९९५ साली बेल प्रयोगशाळेतील संशोधकांनी असेही सुचविले की, यंत्र थकून कोसळण्याची वाट न पाहता ते ठराविक मुदतीने आपणच थांबवून सुरू करावे. ही कल्पना आपल्याकडील कायाकल्पासारखी आहे, आणि योग्य ठिकाणी ती उपयोगीही पडते.

शिवाय समोर ताटकळणाऱ्या माणसांचा हक्क आहेच. तापाने फणफणलेल्या रोग्याचा ताप आधी उतरवावा, निदान सावकाश करावे, असे कोणताही समंजस वैद्य म्हणेल. इस्पितळातील किंवा रेल्वेच्या खिडकीवरील यंत्र बंद पडले असता, मी आता कारणमीमांसा करणार, तुम्ही तासभर थांबा, असे म्हणणारा मनुष्य सत्यनिष्ठ नसून निष्ठुर ठरेल. हा आक्षेप आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. त्या पंधरा मिनिटांत आम्ही रागावलो, तो राग अगदीच अनाठायी होता असे आजही म्हणवत नाही.

परंतु ग्रेच्या त्याच निबंधातील दुसरी गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्याने तपासलेल्या बिघाडांपैकी शेकडा ४२ हे यंत्राची व्यवस्था पाहणाऱ्या माणसांच्या हातून झालेले होते. आज्ञावलीचे शेकडा २५, यंत्रसामग्रीचे शेकडा १८. हा ४२ चा आकडा आमच्या समितीपुढे आला असता तर तिने ताबडतोब बेचाळीस शिपायांच्या बदल्या केल्या असत्या. ग्रेने तसे केले नाही. यंत्राला माणसाचा हात जितका कमी लावावा लागेल तितके ते बनविले पाहिजे, असा निष्कर्ष त्याने काढला. माणूस चुकतो हे दोघांसही दिसते. एकाला त्यात शिक्षेस पात्र असा मनुष्य सापडतो आणि दुसऱ्याला दुरुस्तीस पात्र अशी रचना सापडते. नैतिक दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

तो किती मोठा आहे हे कॅलिफोर्नियातील एका घटनेवरून कळेल. लॉस अँजेलिसच्या आसमंतातील उंचावरच्या विमानांना मार्ग दाखविणारे केंद्र पामडेल या गावी आहे. १४ सप्टेंबर २००४ रोजी सायंकाळी तेथील वैमानिकांशी बोलण्याची यंत्रणा एकाएकी बंद पडली, व तिच्या जागी उभी राहावयाची दुसरी यंत्रणाही कोसळली. शेकडो विमाने आकाशात असताना त्यांच्याशी बोलणे खुंटले. केंद्रातील माणसांनी आपल्या खिशांतील दूरध्वनींवरून शेजारच्या केंद्रांस सावध केले. निदान पाच प्रसंगी विमाने नियमाने ठरविलेल्या अंतरापेक्षा जवळ आली. सुदैवाने अपघात झाला नाही.

कारण असे निघाले की, त्या यंत्रणेतील एक गणक ४,२९,४९,६७,२९५ पासून उलट मोजीत असे व दर सेकंदाच्या सहस्रांशाला एक आकडा खाली येई. या हिशेबाने तो सुमारे ४९.७ दिवसांनी शून्यावर येई आणि यंत्रणा थांबे. हे आधीच ठाऊक झालेले होते! त्यावर योजलेला उपाय असा की, दर तीस दिवसांनी एका माणसाने जाऊन यंत्रणा पुन्हा सुरू करावी, म्हणजे गणक शून्यावर पोचणारच नाही. त्या खेपेस ते काम राहून गेले. मग चौकशी होऊन दोष मानवी चुकीवर टाकण्यात आला. वाचकांनी क्षणभर विचार करावा. यंत्राच्या रचनेतील एक ज्ञात चूक यंत्रात दुरुस्त न करता एका माणसाच्या आठवणीवर सोपविली होती. आठवण चुकली तेव्हा ती यंत्राची चूक राहिली नाही, त्या माणसाची झाली. यालाच आपल्याकडे दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला म्हणतात.

तेव्हा पुन्हा सुरू करण्यातही दोन प्रकार आहेत. कारण कळलेले आहे, त्यावरचा पक्का उपाय योजला जात आहे, आणि तोपर्यंत पथ्य म्हणून यंत्र मधून मधून थांबवून सुरू करावयाचे, हा एक प्रकार. याला आमची हरकत नाही. कारण कळलेले नाही किंवा कळूनही कोणास त्याची दाद नाही, आणि केवळ आजची रांग सरकावी म्हणून बटण दाबावयाचे, हा दुसरा प्रकार. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. आयुर्वेदाने निदानपरिवर्जन, म्हणजे रोगाचे कारण टाळणे, हा चिकित्सेचा पाया मानला, तो याच भेदासाठी. पहिल्या प्रकारात वेळ विकत घेतलेला असतो व त्याचा उपयोग होतो. दुसऱ्यात वेळ उसना घेतलेला असतो, आणि व्याज भरणारा मनुष्य निराळाच असतो.

आमच्या गावच्या लोकांस हे समजावयास परदेशी जाण्याचे कारण नाही. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी हे आपले नगर वसविले, तेव्हा उत्तरेकडील डोंगरांतले पाणी जमिनीखालून गावात आणण्यासाठी त्याने नहर बांधली. तिला नहर-ए-अंबरी म्हणतात. अशाच नळांनी आलेल्या पाण्यावर पुढे अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील पाणचक्की फिरू लागली, व तिच्या पिठाच्या भाकऱ्या फकीर व वाटसरू खात. पाणचक्की पाहावयास येणारा मनुष्य पडणारे पाणी पाहून जातो. आम्हांस तिच्या पाण्याहून त्या नहरेची तोंडे अधिक विचार करावयास लावतात. भूमिगत वाटेवर ठिकठिकाणी माणूस उतरू शकेल अशी तोंडे ठेवलेली होती. पाणी आटले तर कोणत्या तोंडापर्यंत ते वाहते आहे आणि कोणत्या तोंडाशी नाही हे पाहिले की दोष त्या दोहोंच्या मध्ये सापडावा, अशी ही रचना आहे. बांधणाऱ्याने नहर कधी बिघडणारच नाही असा अहंकार बाळगला नाही. ती बिघडेल हे गृहीत धरून, बिघडल्यावर ती कोणाला तरी पाहता यावी, याची तजवीज त्याने करून ठेवली. ती तोंडे जेथे बांधकामाखाली बुजतात तेथे पाणी तर थांबतेच, शिवाय ते का थांबले हे कळण्याची वाटही बंद होते. आमच्या ग्रंथालयात बटण दाबून आम्ही दर वेळी असेच एक तोंड बुजवीत होतो.

मग समोरच्या रांगेचे कर्तव्य आणि कारण शोधण्याचे कर्तव्य, या दोहोंचा मेळ कसा घालावा? आमच्या मते या दोन कर्तव्यांचे धनी निरनिराळे आहेत, हे ओळखले म्हणजे मार्ग दिसू लागतो. यंत्र लवकर चालू करणे हे आपण समोर उभ्या असलेल्या माणसाचे देणे लागतो. कारण शोधणे हे आपण गैरहजर माणसांचे देणे लागतो. जो उद्या याच खिडकीशी येऊन उभा राहणार आहे, आणि ज्याच्यावर हा दोष उद्या लादला जाणार आहे, त्या दोघांचे. समोरचा मनुष्य ओरडू शकतो, गैरहजर मनुष्य ओरडू शकत नाही. म्हणून पहिले देणे नेहमी फेडले जाते व दुसरे नेहमी राहते. दोन्ही फेडावयाची तर बटण दाबण्यापूर्वी दोन मिनिटे थांबून पडद्यावर काय दिसते ते लिहून घ्यावे, किती वाजले, किती माणसे होती, त्याआधी काय बदलले होते, हे टिपावे, आणि मगच बटण दाबावे. रांगेला दोन मिनिटे जड नाहीत. समितीनेही एका वेळी एकच उपाय करावा आणि त्याचा परिणाम पाहण्याइतका धीर धरावा. माणसाला कारण ठरविण्यापूर्वी तर तोच मनुष्य असताना यंत्र केव्हा केव्हा बिनधोक चालले, याची मोजदाद अवश्य करावी. मामांच्या दिनदर्शिकेत आकडे लिहिलेल्या चौकटींहून कोऱ्या चौकटी कितीतरी अधिक होत्या. त्या कोऱ्या चौकटींनीच त्यांची साक्ष दिली असती.

यंत्र हा येथे निमित्तमात्र विषय आहे, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. दर वर्षी नापास होणारे मूल, दर महिन्याला त्याच तारखेला पेटणारे घरातील भांडण, दर उन्हाळ्यात त्याच गल्लीत कोरडा पडणारा नळ, या सर्वांवर आपण असेच बटण दाबीत असतो. मुलाला शिकवणी लावतो, भांडणावर समजूत घालतो, गल्लीत टँकर आणतो, आणि दोष पुन्हा उद्भवला की मुलाच्या, सुनेच्या किंवा नळ सोडणाऱ्या माणसाच्या माथी मारतो. त्यांनी काही लिहून ठेवले आहे काय, असे त्यांना विचारीत नाही.

मामा यथाकाल निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी आम्ही त्यांना त्या ठरावाविषयी दोन शब्द बोललो. ते म्हणाले, “जाऊ द्या सर, फाटकावर थंडी फार होती एवढंच.” त्यांच्या या औदार्याने आमचे ओझे हलके झाले असे आम्ही म्हणणार नाही. ग्रंथालयात ते यंत्र जेथे होते तेथे आज दुसरे आहे, आणि तेही केव्हा तरी बंद पडतेच. कपाटाच्या दाराला आतून एक दिनदर्शिका टांगलेली असते व तिला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली असते. बटण दाबणाऱ्याने आधी चौकटीत वेळ लिहावी, असा तेथे नियम आहे. आम्हीही उठताना रीतसर निरोप घेतल्याशिवाय पडदा मालवीत नाही.